प्रकल्प नोंदी: २००३ चा सिंहस्थ हॉलच्या टीव्हीवर

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

काल दसऱ्याला पूजेत ठेवलेला लॅपटॉप आज दुपारी उचलला आणि एकदाचं हे काम सुरू केलं. काम काय तर बाबांच्या जुन्या हॅंडीकॅमच्या मिनीडीव्ही टेपा (छोट्या डिजिटल कॅसेट), एकूण ३१, त्यातल्या १२ मी वरच्या खोलीतल्या जुन्या पीसीवर फायरवायर कार्डाने (कॅमेरा पीसीला जोडायचं जुनं पोर्ट) उतरवल्यात आणि आता त्या खाली हॉलच्या टीव्हीवर दिसायला पाहिजेत. टेप नंबर ४ म्हणजे २००३ चा सिंहस्थ, रामकुंड, दुतोंड्या मारुती, गर्दी, आणि मधेच आजी. भाऊबीजेला आत्या येणारे तोवर हे झालं पाहिजे असं आईने जाहीर केलंय. म्हणजे तारीख ३ नोव्हेंबर.

टीव्हीमागे रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा कॉम्प्युटर, पुढे नुसता 'पाय') लावलाय, त्यात लिब्रेइलेक ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे चालू केलं की सरळ कोडी, व्हिडिओ लावायचं सॉफ्टवेअर, तेच उघडतं. कोडीला पूर्वी एक्सबीएमसी म्हणायचे, २०१४ ला नाव बदललं, दादा अजून एक्सबीएमसीच म्हणतो.

घराची रचना लिहून ठेवते, पुढे लागेल. इंदिरानगरचं रो हाऊस, खाली हॉल किचन, वर दोन बेडरूम. फायबरची वायर समोरच्या पोलवरून वरच्या गॅलरीत येते म्हणून मोडेम वर. खाली स्लॅबमुळे रेंज मरते, म्हणून दादाने दोन वर्षांपूर्वी त्याचा जुना राउटर हॉलमधे लावला आणि भिंतीतून २०११ ला घर बांधताना टाकलेली लॅनची (घरातल्या नेटवर्कची) वायर त्याला जोडली. पाय या हॉलच्या राउटरच्या वायफायवर.

पहिलाच प्रॉब्लेम. कोडीत विंडोज नेटवर्कमधे गेलं की पीसी दिसतच नाही. पीसीवर फोल्डर शेअर केलेला आहे, दादाचा लॅपटॉप वर ठेवला तर त्याला दिसतो, खाली आणला की नाही. मोबाइलवरचं कोडीचं रिमोट ॲप पण उलटं, खाली पाय सापडतो आणि वर गेलं की सापडत नाही. आज इथेच थांबले, जेवायला बोलावलं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

ऑफिसातून आल्यावर दहा मिनिटं बसले आणि कळलं. पीसीचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) १९२.१६८.१.७ आणि पायचा १९२.१६८.०.१०४. तिसरा आकडाच वेगळा. म्हणजे घरात दोन नेटवर्क आहेत, दादाने भिंतीतली वायर राउटरच्या निळ्या वॅन पोर्टमधे (बाहेरच्या इंटरनेटसाठी असतो तो) घातली होती त्यामुळे तो राउटर स्वतःचं वेगळं संस्थान चालवत होता आणि मोडेमला वाटत होतं की हा एकच कोणीतरी पाहुणा आहे. इंटरनेट दोन्हीकडे चालतं म्हणून दोन वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नाही. पण 'घरात कोण कोण आहे' अशी जी हाळी ही यंत्रं एकमेकांना देतात ती राउटर ओलांडून जात नाही. गंमत म्हणजे हाताने १९२.१६८.१.७ टाकलं तर शेअर उघडलं! कारण आतून बाहेर जायला वाट आहे, बाहेरून आत यायला नाही.

दादाला सांगितलं तर म्हणे "चालतंय ना मग कशाला हात लावतेस". हात लावला. राउटरला नुसता ॲक्सेस पॉइंट (फक्त वायफाय देणारा) करायचा, त्याचा आयपी १९२.१६८.१.२, डीएचसीपी (यंत्रांना आपोआप आयपी वाटणं) बंद, वायर वॅनमधून काढून साध्या लॅन पोर्टमधे. आता इथे मी शहाणपणा केला, म्हणजे वायर आधी बदलली आणि डीएचसीपी बंद करायचं मग करू म्हणलं. तेवढ्यात पाच मिनिटांत एकाच नेटवर्कवर आयपी वाटणारे दोन झाले, जो आधी उत्तर देईल त्याचं खरं, आणि दादाच्या फोनला एकाने पत्ता दिला, वहिनीच्या लॅपटॉपला दुसऱ्याने. वहिनीची मीटिंग चालू होती. "ताई, तुम्ही काही केलंत का आत्ता?" मी म्हणलं नाही. नंतर कबूल केलं.

क्रम लक्षात ठेवायचा: आधी आयपी बदल, मग डीएचसीपी बंद, मग राउटरला रीस्टार्ट, आणि सगळ्यात शेवटी वायर.

आता पीसी दिसतोय. मोबाइलचे व्हिडिओ लावून बघितले, झकास चालले. सोपं होतं असं वाटून झोपले.

१६ ऑक्टोबर, बुधवार, कोजागिरी

सोपं नव्हतं. टेप ४ लावली, रामकुंडाकडे कॅमेरा वळतो तिथपर्यंत आठ सेकंद नीट आणि मग गोल गोल. परत तीन सेकंद, परत गोल. गच्चीवर दूध आटत होतं आणि सगळे खाली हॉलमधे एका फिरणाऱ्या वर्तुळाकडे बघत बसलेले. बाबा म्हणाले "टेप खराब झाली असेल गं". टेप खराब नाहीये, वर पीसीवर तीच फाइल लोण्यासारखी चालते.

मग डोकं चालवलं की एक्स्टर्नल डिस्कवर फाइल कॉपी करायची आणि डिस्कच पायला लावायची, आजचा दिवस तर निघेल. लावली. टेप चालली पण वायफाय गेलं, पूर्ण गेलं, कोडीला नेटवर्कच नाही. डिस्क काढली की वायफाय परत. चार वेळा करून बघितलं, चारही वेळा तसंच. मग आठवलं, यूएसबी ३ च्या केबल नि पोर्टातून जो रेडिओ लहरींचा गोंगाट सुटतो तो नेमका वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो, इंटेलनेच २०१२ ला यावर एक पेपर काढलेला आहे. पायची अँटेना तिथून बोटभर अंतरावर. डिस्क निळ्या पोर्टातून काढून काळ्या यूएसबी २ मधे घातली, वायफाय जागेवर. यूएसबी २ या फाइलला भरपूर पुरतं.

तर आज दूध पिताना सिंहस्थ दिसला. पण कायमची डिस्क खाली ठेवता येणार नाही, अजून १९ टेपा वर उतरवायच्यात आणि दरवेळी डिस्क घेऊन जिना चढउतार मला नको.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आधी हिशोब. मोबाइलचा व्हिडिओ चालतो आणि टेप चालत नाही, का? डीव्ही फॉरमॅट फारसं दाबत नाही, व्हिडिओ २५ मेगाबिट, त्यात आवाज बिवाज धरून सेकंदाला साधारण ३.६ मेगाबाइट. गुणिले ८ (एका बाइटचे आठ बिट) म्हणजे २८.८ मेगाबिट, सलग, तासभर, दमच न घेता. एक तासाची टेप १३ जीबी. डीव्हीडीला जास्तीत जास्त १० च्या आसपास लागतं, म्हणजे बाबांचा २००३ चा हॅंडीकॅम डीव्हीडीच्या तिप्पट खातोय.

दादा म्हणे आपलं १०० मेगाबिटचं कनेक्शन आहे, स्पीड टेस्ट कर. केली, फोनवर, वर बसून, ९६ आलं. पण हे इंटरनेटचं मोजमाप झालं, आणि माझी फाइल इंटरनेटवरून येतच नाहीये, वरच्या खोलीतून खाली येतेय. इंटरनेट बंद पडलं तरी ती चालली पाहिजे. हे दादाला समजवण्यात अर्धा तास गेला आणि त्याला पटलं असं वाटत नाही.

घरातल्या घरात वेग मोजायला आयपर्फ नावाचं टूल. लिब्रेइलेकच्या नेटवर्क टूल्स ॲडऑनमधे ते आहे, पीसीवर पण टाकलं. पीसीकडून पायकडे: २१, ९, १७, ०, २३, ४. हे सेकंदासेकंदाचे आकडे, मेगाबिटमधे. २८.८ च्या जवळपास पण नाही.

वायफाय, अजून काय. लगेच चॅनल बघितले, रो हाऊसची ओळ म्हणजे भिंतीला भिंत, ॲपमधे १७ नेटवर्क दिसली आणि त्यातली निम्मी चॅनल ६ वर. आपलं १ वर टाकलं. आकडे: १९, २४, ३, १२. ११ वर टाकलं: २२, ०, १८. राउटर टीव्हीच्या मागून काढून शोकेसवर ठेवला. आईने तो परत खाली ठेवला कारण शोकेसवर गणपती आहे. राउटर स्टुलावर. काही फरक नाही म्हणजे फरक पडतोय पण कशाने पडतोय ते कळत नाही, तेवढ्यात जेवणाची वेळ.

२० ऑक्टोबर, रविवार

एम जी रोडला गेले. दुकानदार म्हणे, भाऊंना पाठवा मी समजावतो. मी म्हणलं मलाच समजवा. मग त्याने मला साडेचार हजाराचा नवा राउटर दाखवला, तीन अँटेना, आणि म्हणे यावर शंभर टक्के चालणार. घेतला नाही. म्हणजे खरं सांगायचं तर घेणारच होते, पण कार्ड वहिनीकडे राहिलं होतं.

येताना फक्त दोन मीटरची तयार पॅच कॉर्ड, म्हणजे छोटी लॅन वायर, आणली, १२० रुपये, पाय थेट हॉलच्या राउटरला जोडायला. वायफायचा विषयच संपवला. पायवरचं वायफाय बंद पण केलं, नाहीतर दोन्ही चालू राहतात आणि तो कुठून जातोय ते समजत नाही.

आयपर्फ: २०, ६, ०, १४.

वायरवर! मी पाच मिनिटं नुसती बसून राहिले. गेले दोन दिवस ज्याला शिव्या घातल्या त्याचा काही संबंधच नव्हता की काय.

२३ ऑक्टोबर, बुधवार

रस्त्याचे तुकडे पाडले, जे पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होतं. पीसी ते मोडेम एक तुकडा, मोडेम ते हॉलचा राउटर भिंतीतून दुसरा, राउटर ते पाय तिसरा.

लॅपटॉप खाली, हॉलच्या राउटरलाच वायरने जोडून, पायकडे मोजलं: ९४, ९४, ९४. जुना राउटर १०० चा आहे त्यामुळे ९४ म्हणजे फुल्ल. तोच लॅपटॉप वायफायवर ठेवून: ५० च्या वर. म्हणजे वायफायसुद्धा निर्दोष! लॅपटॉप वर मोडेमला लावून पीसीकडे: ९०० च्या वर. म्हणजे चोर भिंतीत.

संध्याकाळी उलट्या दिशेने पण मोजलं. वरून खाली येताना वाट लागते, खालून वर जाताना बरंच बरं. एकच वायर, एका बाजूला ठीक आणि एका बाजूला आजारी, हे लिहून ठेवलं पण कळलं काहीच नाही.

कळलं आईमुळे. फराळाचं चालू झालंय, ती किचनमधून म्हणाली "मी मिक्सर लावला की तुझं ते गोल गोल जास्त फिरतं बघ". मी म्हणलं काहीतरीच. मग आयपर्फ लावून तिला मिक्सर लावायला सांगितला. १८, १५, मिक्सर चालू, ०, ०, २, मिक्सर बंद, १६. परत. परत. डब्यातलं खोबरं पीठ झालं. आई म्हणाली आता बास.

२६ ऑक्टोबर, शनिवार

ऑफिसातल्या एकाकडून लॅन टेस्टर आणला, तो दोन डब्यांचा, एक या टोकाला एक त्या टोकाला आणि १ ते ८ दिवे ओळीने लागतात. वर दादा, खाली मी, जिन्यातून ओरडत. "एक?" "लागला!" "दोन?" "लागला!" आठही लागले, क्रमाने. दादा विजयी. "वायर ओके आहे, मी म्हणलंच होतं."

वायर ओके नव्हती. हॉलच्या बाजूचा कनेक्टर पारदर्शक आहे, मोबाइलचा टॉर्च मारून आतले रंग वाचले, डावीकडून: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. बघायला किती सुंदर, जोडीला जोडी, रांगोळीसारखं. आणि नेमकं हेच चूक आहे.

बरोबर क्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याची जोडी फोडून ३ आणि ६ वर जाते, मधे निळी बसते. कारण १०० मेगाबिटला दोनच जोड्या लागतात, १-२ एका दिशेला आणि ३-६ दुसऱ्या दिशेला. वायरीच्या आत प्रत्येक जोडीला पीळ दिलेला असतो, दोघींमधून एकच सिग्नल उलटसुलट जातो, आणि बाहेरचा कचरा (विजेचा गोंगाट) पिळामुळे दोघींवर जवळपास सारखाच बसतो, पलीकडे वजाबाकी केली की कचरा कटतो आणि सिग्नल उरतो. सगळी गंमत त्या पिळात आहे. आमच्या वायरमनने ३ वर पांढरा-हिरवा ठेवला आणि ६ वर निळा, म्हणजे दोन वेगवेगळ्या पिळांतल्या दोन तारांचं लग्न लावून दिलं. त्यांच्यावर कचरा सारखा बसतच नाही, मग वजाबाकी कशाची होणार.

टेस्टरला हे दिसत नाही कारण त्याला एवढंच कळतं की या टोकाची ३ त्या टोकाच्या ३ ला पोचली का. पोचली. दोन्ही टोकांना सारखंच लावलंय ना. पीळ कुणाचा कुणाशी हे तो बघतच नाही.

आणि एक दिशा बरी, एक वाईट, त्याचं पण उत्तर मिळालं, १-२ वर केशरी जोडी शाबूत आहे. आणि मिक्सर? स्विचबोर्ड उघडून बघितलं (मेन बंद करून), लॅनची वायर लाइटच्या वायरींच्याच पाइपातून खाली येतेय, किचनच्या पॉइंटच्या बाजूने. हे असं टाकायचं नसतं, धोक्याचं पण आहे, पुढच्या वेळी रंगकाम निघालं की वेगळा पाइप. वायरमनला फार बोलता येत नाही, त्याने २०११ ला टाकलेली, तेव्हा तिला साधी डीएसएलची (फोनच्या तारेवरच्या इंटरनेटची) सवय, ८ मेगाबिटची लाइन होती आपली, तेवढं तिच्यातून निवांत जात असणार.

२७ ऑक्टोबर, रविवार

क्रिम्पिंग टूल (वायरीच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवायचं) ३८० रुपये, कनेक्टर दहाचं पाकीट. वायर बदलली नाही, फक्त दोन टोकं.

पहिला कनेक्टर वाया, निळा आणि हिरवा परत सवयीने शेजारी बसले. दुसरा वाया, तपकिरी तार आतपर्यंत गेलीच नव्हती. तिसऱ्याला युक्ती सापडली: आठ तारा क्रमाने बोटात धरून अंगठ्याने दोन चारदा उजवी डावीकडे वाकवायच्या, मग त्या आपोआप चपट्या एका रेषेत येतात, मग कात्रीने एका फटक्यात सरळ कापायच्या, सव्वा सेंटिमीटर ठेवून, आणि घालायच्या. पीळ जितका कमी सोडवू तितकं बरं. दाबताना कट्ट आवाज येतो तो फार छान आहे. भिंतीच्या डब्यात वायर चारच बोटं शिल्लक होती त्यामुळे हात थरथरत होता, अजून दोन कनेक्टर वाया गेले असते तर भिंत फोडावी लागली असती.

वरचं टोक दादाने केलं. पहिल्या फटक्यात जमलं त्याला, हे त्याने संध्याकाळपर्यंत पाच जणांना सांगितलं.

आयपर्फ, पीसीकडून पायकडे: ९४, ९४, ९४, ९४. उलट: ९४. आईला हाक मारली, मिक्सर. ९४. पाण्याची मोटर. ९४. टेप ४ लावली, एक तास, एकदाही गोल नाही. लागतंय २८.८, मिळतंय ९४. नवा राउटर नाही, कॅट सिक्सची नवी वायर नाही, काही नाही. फोरके डिस्कवरून काढलेली फाइल असती तर तिला १२८ पर्यंत लागू शकतं, मग हा जुना राउटर पुरला नसता, पण आपल्या घरात तसलं काही नाही.

२९ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

संध्याकाळी वीस मिनिटं लाइट गेली. आली तेव्हा टेपा गायब. पीसीला नवीन आयपी, १.११. मोडेममधे पीसीचा पत्ता कायमचा बांधून टाकला, १.७. दुसरं, लाइट आल्यावर पाय मोडेमच्या आधीच उठून बसतो आणि नेटवर्क नाही म्हणून रुसतो, लिब्रेइलेकच्या सेटिंगमधे 'नेटवर्कची वाट बघ' असा पर्याय आहे, तो चालू केला. तिसरं, पीसी अर्ध्या तासाने झोपतो, त्याची झोप बंद.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

ओवाळणी झाली, जेवणं झाली, आत्या टीव्हीसमोर. बाबांनी स्वतः रिमोट घेतला. रामकुंड, साधू, माइकमधे घुसलेला वारा, बाबांचा आवाज "सरका जरा, सरका", आणि मग आजी, चार सेकंद, नऊवारीत, कॅमेऱ्याकडे बघून हाताने नको नको करतेय. आत्याने सात वेळा मागे घ्यायला लावलं. सातही वेळा लगेच.

मग म्हणाली "मला पेनड्राइव्हवर देऊन टाक गं, आमच्याकडे टीव्हीला लावते." दिला पेनड्राइव्ह पीसीला. फाइल फार मोठी आहे म्हणून नकार, पेनड्राइव्ह फॅट३२ (फाइली ठेवायची जुनी पद्धत), त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जातच नाही, आणि ही १३ ची. तो एक्सफॅट (मोठ्या फाइली घेणारी पद्धत) करता येईल पण आत्याचा टीव्ही डीव्ही वाचेल याची खात्री नाही, म्हणून एच २६४ या जास्त दाबणाऱ्या फॉरमॅटमधे बदलायला लावलीय, डीइंटरलेस करून (एकाआड एक ओळींची चित्रं जोडून). जुना पीसी रडत रडत चाललाय, आत्ता रात्रीचे साडेअकरा, ३७ टक्के. आत्या उद्या सकाळी सातच्या गाडीने जाणार.

टेप १३ उद्या.